अभ्यासिकेची दोन दारं

जुनं पाद्रीघर, ऑल्डरबी, लिंकनशायर
९ सप्टेंबर १९७२

सकलगृहदोषज्ञ ज्येष्ठ भगिनी हेस्टर पिंचबेक हिला धाकटा भाऊ अँब्रोज याचा साष्टांग नमस्कार.

(पाठ पूर्ण वाकत नाही, तेव्हा आठांपैकी पाचच अंगं पोचली असं समज.)

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्या घराच्या दर्शनी भागातल्या एका निष्पाप खिडकीवर हल्ला झाला. हल्लेखोर माझ्याकडे घरकामाला येणाऱ्या मिसेस ओडलिंग. हत्यार म्हणजे धुण्याचा सोडा आणि काथ्याचा ब्रश. खिडकी कोणती, हे तुला सांगायला नकोच. वरच्या मजल्यावरची डावीकडची शेवटची, जी मुळात खिडकीच नाही. घर बांधणाऱ्या पाद्रीबुवांना डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी हवी होती, आणि नेमका तिथूनच अभ्यासिकेच्या शेगडीचं धुराडं वर जातं. मग बुवांनी विटांवर खिडकी रंगवून घेतली. बारा तावदानं, पांढऱ्या पट्ट्या, आत अर्धवट ओढलेला पडदा. एकशे छत्तीस वर्षं लोक रस्त्यावरून तिच्याकडे बघून फसत आले. मिसेस ओडलिंग मात्र शिडी लावून फसल्या.

“किती घासलं तरी काच चमकेना, धाकटे साहेब,” त्या म्हणाल्या. बावन्नाव्या वर्षी या गावात मी अजून धाकटा साहेबच आहे. “मग मी जोर लावला.”

“अहो, तुमचा जन्म या गावातला! ती खिडकी खोटी आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“ठाऊक होतं हो. पण म्हणून काय ती घाण ठेवायची?”

 पडद्याचा खालचा भाग वाहून गेला आणि त्याच्याखालून दोन टोकदार काळी शिंगं वर आली आहेत. पाद्र्याच्या घरावर शिंगं शोभत नाहीत. तस्मात् तू ताबडतोब कळव की पडद्याचा रंग नेमका कोणता होता, आणि शिंगं कोणाची.

बाकी घर ठीक. चर्चने दोन गावं एकत्र करून पाद्रीसाहेबांना शेजारच्या गावात बंगली दिली आणि हे घर विकायला काढलं आणि मी ते घेतलं, तेव्हा मला वाटलं होतं की छपराखाली फक्त कबुतरं उरली असतील. तसं नाही. जिने शाबूत आहेत. स्वयंपाकघरावरची तुझी खोली मी पिवळी रंगवून घेतली आहे. सकाळचं ऊन अजून तिथेच पडतं. नाताळला ये. खरं म्हणजे नाताळ कशाला, पुढच्या महिन्यातच ये, आणि जायचं तिकीट काढू नकोस. व्हिटबीला तुझ्या त्या दोन खोल्यांत पियानोशेजारी झोपण्यापेक्षा हे बरं.

एक लहानशी विचारपूस. सुतार स्कुपहोम म्हणतो की अभ्यासिकेला बोळाच्या बाजूने एकापाठोपाठ दोन दारं कशाला, एक काढून टाकू. तुझं मत काय?

ऑगस्टात मला थोडी उन्हाळी सर्दी झाली होती. आता ठणठणीत आहे.

तुझा,
अँब्रोज

*

व्हिटबी
१४ सप्टेंबर

प्रिय अँब्रोज,

तुझा मायना वाचून क्षणभर वाटलं, कुणा संस्थानिकाचं पत्र चुकून माझ्याकडे आलं. विद्यापीठाने तुझा संस्कृतचा विभाग बंद केला. तीन विद्यार्थ्यांचे हाल संपले, आता माझे सुरू झालेत.

पडदा बदामी रंगाचा होता. खाली दोरी आणि दोरीला गोंडा. पपा दर वर्षी ईस्टरच्या आठवड्यात शिडीवर चढून रंग नवा करायचे आणि ममा खाली शिडी धरून त्यांच्यावर ओरडायची.

ती शिंगं नाहीत, गाढवा. ते कान आहेत. मी सात वर्षांची असताना मला गोवर झाला होता आणि तीन आठवडे बाहेर पडायची बंदी होती. बरी होऊन बागेत आले तर खिडकीच्या कठड्यावर एक काळं मांजर बसलेलं. आपली टिब. पपांनी रंगवली होती. महिन्याभराने बिशपच्या कचेरीतले तपासनीस येणार म्हणून कळलं. पाद्र्याच्या घरावर मांजर बघून ते काय म्हणतील या भीतीने पपांनी पडदा खाली ओढला, म्हणजे रंगानेच. मला म्हणाले, “टिब झोपली आहे. साहेब गेले की उठवू.” साहेब गेले, पण पपा विसरले. तू तेव्हा तीन वर्षांचा होतास आणि तुझं सगळं लक्ष माती खाण्याकडे होतं.

तेव्हा पडदा पुन्हा रंगवू नकोस. मिसेस ओडलिंगना म्हणावं, आणखी घासा.

दारांबद्दल मला विचारू नकोस. तुला हवं ते कर.

नाताळला जमणार नाही. माझा गुडघा दुखतो.

उन्हाळी सर्दी तुला लहानपणापासून कधी झालेली मला आठवत नाही.

हेस्टर

*

ऑल्डरबी
२५ सप्टेंबर

मार्जारकुलभूषण हेस्टर हिला,

टिब जागी झाली आहे. पुढचे पाय आणि एक डोळा बाहेर आला. दुसऱ्या डोळ्यासाठी मिसेस ओडलिंग शुक्रवारी पुन्हा चढणार आहेत. परवा पोस्टमन फाटकापाशी थांबून म्हणाला, “वर मांजर अडकलंय तुमचं.” मी म्हटलं, “एकोणपन्नास वर्षं झाली.” तो सायकलवर बसून जरा घाईनेच निघून गेला.

आता तुझ्या गुडघ्याविषयी. हा तोच गुडघा का, जो गेल्या जूनमध्ये व्हिटबीच्या कड्यावरच्या एकशे नव्व्याण्णव पायऱ्या मासे आणायला उतरला आणि चढला? त्याला माझा नमस्कार सांग. मला वाटतं, तुझा राग गुडघ्यात नाही, या घरात आहे. पपा गेल्यावर सहा आठवड्यांत घर खाली करून द्यावं लागलं, नवे पाद्री सामान घेऊन दाराशी, आणि तू आणि ममा नाताळच्या तोंडावर हातगाडीत पियानो चढवताय. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला, धातूंची रूपं पाठ करत होतो. त्या वेळी नव्हतो याची मला लाज आहे. पण हेस्टर, आता हे घर चर्चचं नाही. आता आपल्याला इथून कोणी उठवणार नाही.

आणि तुला वाटेल की इथे मी एकटा कुढत असतो, तर तेही खोटं. अभ्यासिकेचं बागेकडचं वेगळं दार आठवतं ना, पश्चिमेचं, ज्यातून गावातले लोक घरच्यांच्या नजरेस न पडता पपांकडे यायचे? ते अजून वाजतं. मिसेस ओडलिंग मंगळवारी आणि शुक्रवारी मागच्या दाराने येतात, भांडी घासतात, माझ्या पुस्तकांना नावं ठेवतात. पण मनात काही साठलं असेल तर बारा वाजता एप्रन काढतात, डोक्यावर हॅट चढवतात, मागच्या दाराने बाहेर पडतात, घराला पूर्ण वळसा घालतात आणि अभ्यासिकेची घंटा ओढतात. मी दार उघडतो. “या, मिसेस ओडलिंग.” जणू सकाळपासून भेटच नाही.

पहिल्यांदा मी म्हटलं, “अहो, मी पाद्री नाही. मी देवाबद्दल जे शिकवत आलो त्यात तर देव तेहतीस कोटी होते.”

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “पण दार तेच आहे.” आणि खुर्चीत बसून आपल्या सुनेविषयी चाळीस मिनिटं बोलल्या. मग तसाच वळसा घालून स्वयंपाकघरात परत, आणि मला ओरडून, “जेवायला या, धाकटे साहेब, कुठे होतात इतका वेळ?”

सांगायचं तात्पर्य, घर जिवंत आहे. तुझं त्या दोन बिचाऱ्या दारांशी काय भांडण आहे? एक आत उघडतं, एक बाहेर, मध्ये हातभर अंधार. त्या अंधारात उभं राहून आपण चोरून ऐकायचा प्रयत्न करायचो आणि काहीच ऐकू यायचं नाही. एवढीच तर त्यांची कीर्ती. ये आणि भांडण मिटव.

अँब्रोज

*

व्हिटबी
३ ऑक्टोबर

अँब्रोज,

हे पत्र चार वेळा फाडलं. पाचवं पाठवते आहे, कारण कागद संपले.

तुझा अंदाज चुकला. घर सोडल्याचा मला राग नाही. मला त्या घरातून बाहेर पडायचंच होतं.

वीस ऑक्टोबर, गुरुवार. ममा बायकांच्या सभेला गेली होती. स्वयंपाकाच्या बाईची सुट्टी. पपा अभ्यासिकेत रविवारचं प्रवचन लिहीत होते. डॉक्टरांच्या मुलीने मला नाचाच्या तीन तबकड्या दिल्या होत्या, परत देण्याच्या बोलीवर. मी जेवणाच्या खोलीत फोनो लावला, टेबल भिंतीला सरकवलं आणि एकटीच नाचत होते. आवाज मोठा केला होता. पपांना ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं, दोन दारं होती ना. बावीस वर्षांची होते आणि फार आनंदात होते. हे मला आजवर कोणाला सांगता आलेलं नाही.

पाच वाजता चहा घेऊन गेले. बाहेरचं दार उघडलं. आतलं उघडेना. काहीतरी अडत होतं. ते पपा होते. दाराशी पडले होते आणि एक हात दाराच्या खालच्या फळीवर होता. म्हणजे ते दारापर्यंत आले होते. म्हणजे त्यांनी हाक मारली असणार. डॉक्टर म्हणाले की अर्धा तास तरी ते तसे असावेत. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सगळ्यांना सांगितलं की मी परसात भाजी काढत होते. ममाला तेच सांगितलं, तुलाही. ममा गेली ती तेवढंच ठाऊक असून.

तबकड्या मी परत केल्या नाहीत. विहिरीत टाकल्या.

तू म्हणतोस, तिथे उभं राहून काही ऐकू यायचं नाही. आपण लहान होतो आणि पपा हळू बोलायचे. मरताना माणूस हळू हाक मारत नाही. फोनो बंद असता तर मला ऐकू आलं असतं.

तू चांगला मुलगा आहेस. मला बोलावू नकोस.

हेस्टर

*

(पोस्टकार्ड)
ऑल्डरबी, ६ ऑक्टोबर

पत्र पोचलं. उत्तर आज लिहीत नाही. स्कुपहोमबरोबर एक काम आहे, ते झालं की लिहितो. तोवर कड्यावर फिरायला जाऊ नकोस, वारा आहे. अँ.

*

व्हिटबी
९ ऑक्टोबर

अँब्रोज,

अशा पत्राला कुणी पोस्टकार्डाने उत्तर देतं? इथल्या पोस्टातल्या बाईंनी ते माझ्या आधी वाचलं आणि विचारलं, “स्कुपहोम कोण?”

तू रागावला असशील तर तसं लिही. ते मला सोसेल. वाट बघणं सोसत नाही.

हे.

*

ऑल्डरबी
१४ ऑक्टोबर

प्रिय हेटी,

रागावलो नाही. या पत्रात विशेषणं कमी सापडतील. सवय नाही, म्हणून पाच दिवस लागले.

तुझं पत्र वाचून मी स्कुपहोमला बोलावलं आणि म्हटलं, “आतल्या दाराची फळी खोल. आत काय आहे ते बघायचंय मला.”

“आत काय असणार, प्रोफेसर? लाकूड.”

“लाकूड असलं तर लाकूड बघू.”

त्याने खालची चौकट सोडवली. हेटी, त्या दाराच्या पोटात लोकर आहे. आपल्या इथल्या मेंढ्यांची, न विंचरलेली, मुठीने ठोकून ठोकून भरलेली. इतकी घट्ट की स्कुपहोमला ती पटाशीने उकरावी लागली. बाहेरच्या दारातही तीच. अभ्यासिका आणि मधली बोळकांडी यांच्यातली भिंत दीड हात जाडीची आहे, आणि दोन विटांच्या मध्ये राख भरली आहे. स्कुपहोमने लोकरीचा एक गोळा हातावर तोलला. मग म्हणाला, “बांधणारा शहाणा होता. एकदा कुणाचं गुपित या दारातून बाहेर गेलं असतं, तर त्या माणसाने परत ही घंटा ओढली नसती.”

त्याने फळी पुन्हा बसवली, लोकर होती तशी भरून. मग आम्ही प्रयोग केला.

मंगळवारी दुपारी तीन वाजता मी जेवणाच्या खोलीत बसलो, तू नाचत होतीस तिथेच. फोनो नाही, रेडिओ नाही, घड्याळसुद्धा मी बाहेर ठेवून आलो. शेजारी मिसेस ओडलिंग, हातात विणकाम. विणकामही मी थांबवायला सांगितलं, सुयांचा आवाज होतो म्हणून. स्कुपहोमने अभ्यासिकेत जाऊन दोन्ही दारं लावली. पाच मिनिटं जीव तोडून ओरडायचं आणि दारावर बूट आपटायचे, असं ठरलं होतं. तू स्कुपहोमला ओळखत नाहीस. तो गावाच्या क्रिकेटमध्ये पंचाशी वाद घालतो तेव्हा शेजारच्या गावातले खेळाडू बाद होतात.

आम्ही बसलो. खिडकीवर माशी होती, ती ऐकू आली. मिसेस ओडलिंगचं पोट वाजलं, ते ऐकू आलं. थोड्या वेळाने त्या कुजबुजल्या, “आता कधी सुरू करणार तो?”

तेवढ्यात दार उघडून स्कुपहोम आत आला. तोंड लाल, घसा बसलेला.

“काय काय ऐकलंत?”

“काहीच नाही.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “ऐकलं असतंत तर कामावरून काढलं असतंत मला.”

हेटी, मी वर्षानुवर्षं लोकांना शिकवत आलो की प्रत्यक्ष हे सगळ्यात मोठं प्रमाण. ते मी त्या दिवशी कानांनी पाहिलं. फोनो चालू असता किंवा नसता, तू नाचत असतीस किंवा चर्चमधल्यासारखी गुडघे टेकून गप्प बसली असतीस, तरी तुला काहीही ऐकू आलं नसतं. पपांनी कितीही मोठी हाक मारली असती तरी. तुझा आनंद त्यांच्या आणि तुझ्या मध्ये आला नाही. मध्ये लोकर होती. ती तू जन्मायच्या ऐंशी वर्षं आधी कुणीतरी चांगल्या हेतूने भरली होती, आणि पपांनी सतरा वर्षं तिच्या भरवशावर गावाची दुःखं ऐकली.

डॉक्टरांनी तुझ्याकडे पाहिलं म्हणतेस. तू बावीस वर्षांची होतीस आणि तुझे वडील जमिनीवर होते. दुसरीकडे कुठे बघणार तो माणूस?

नंतर मी आतलं दार काढून घेतलं. पुन्हा प्रयोग. एकाच दारातून स्कुपहोमचा शब्द न् शब्द ऐकू आला. माझ्या शिडीवर चढण्याच्या पद्धतीबद्दलचं त्याचं मत आता मला ठाऊक आहे. मिसेस ओडलिंगनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“म्हणजे मी सुनेबद्दल बोलले तर ते बोळात ऐकू येणार?”

“बोळात कोण असतं, मिसेस ओडलिंग? इथे माझ्याशिवाय कोणी राहत नाही.”

 “तेच तर,” त्या म्हणाल्या. मग हॅट उचलली. “असू दे. मी हळू बोलेन. ते दार परत लावू नका, धाकटे साहेब.”

त्या का म्हणाल्या ते मला कळलं. आता तुलाही सांगतो, कारण तू तुझं सांगितलंस आणि मी अजून सर्दीच्या मागे लपून बसलो आहे. ऑगस्टात मला सर्दी झाली नव्हती, तुला जसा गुडघा झालेला नाही. अभ्यासिकेत लिहीत होतो. छातीत काहीतरी घट्ट धरल्यासारखं झालं आणि मी खुर्चीवरून खाली आलो. शुद्ध होती. दारापर्यंत सरपटत गेलो, हात वर पोचेना, तेव्हा हाक मारली. बराच वेळ मारत होतो. घरात मिसेस ओडलिंग होत्या, जेवणाच्या खोलीत कपाट पुसत होत्या. दुपारी त्या हॅट घालून, वळसा घालून पश्चिमेच्या दाराशी आल्या, घंटा ओढली, कोणी उघडेना म्हणून स्वतः कडी सरकवली, तेव्हा मी सापडलो. त्यांना सुनेबद्दल बोलायचं होतं म्हणून मी आहे. डॉक्टर म्हणतात, या खेपेला थोडक्यात निभावलं.

तुला बोलावलं ते त्यानंतर. पिवळी खोली, सकाळचं ऊन, हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं. दारांबद्दल तुला विचारलं तेही उगाच नाही. तुझ्या मनात त्या दारांमागे काय आहे हे मला माहीत नव्हतं. मला फक्त माझं माहीत होतं.

स्कुपहोमने आतलं दार गोठ्यात उभं करून ठेवलं आहे. बाहेरचं मी दिवसभर उघडं ठेवतो. खिडकीतल्या टिबला दुसराही डोळा आला आहे. गोंड्याचा प्रश्न तू आल्यावर सोडवू. शुक्रवारी वीस तारीख आहे. त्याच्या आधी येता आलं तर ये. ग्रिम्सबीला गाडी बदलावी लागते, तिथे स्कुपहोम आपली गाडी घेऊन येईल. तो म्हणतो, “तुमच्या बहिणीला सांगा, माझा घसा अजून बसलाय, तेव्हा वाटभर गप्प राहीन.” आणि एखादी तबकडी घेऊन ये, नाचाची. फोनो माझ्याकडे आहे.

पपा त्रेपन्नाव्या वर्षी गेले. मार्चमध्ये मला त्रेपन्न पूर्ण होतील. हे मी रोज मोजतो आणि कोणाला सांगत नाही. मरण्याची भीती वाटते असं नाही, निदान फारशी नाही. मी हाक मारीन आणि घरात कोणी नसेल, याची मला फार काळजी वाटते, हेटी.

अँब्रोज